पान्हा कसा फुटतो? मज्जातंतू आणि संप्रेरके यांच्या सहकार्याची कहाणी

पहाटे गाय दोहायला निघालेला गवळी प्रथम वासराचे दावे सोडतो. वासरू धावत येऊन आईच्या कासेला ढुशा देते, एक सड सोडून दुसरा चोखू लागते. अर्धा-एक मिनिट विशेष काही घडल्याचे दिसत नाही. मग एकाएकी कास तटतटून येते, चारही सड भरतात आणि वासराच्या तोंडाच्या कडेने दुधाचा फेस गळू लागतो. गवळी समाधानाने म्हणतो, "गायीने पान्हा सोडला." वासराला बाजूला बांधून तो धार काढायला बसतो. परंतु त्याच वेळी गोठ्यात एखादा परका माणूस शिरला, कुत्रे अंगावर आले किंवा गायीला काठीचा फटका बसला, तर काही क्षणांपूर्वी भरलेले सड रिकामे वाटू लागतात. तेव्हा तोच गवळी म्हणतो, "गायीने पान्हा चोरला."

पान्हा फुटणे आणि पान्हा चोरणे हे दोन्ही शब्दप्रयोग आपल्या भाषेत फार पूर्वीपासून रूढ आहेत. आईला लेकराच्या आठवणीने पान्हा फुटतो, असेही आपण सहज बोलून जातो. या बोलण्यामागे जे शरीरशास्त्र दडलेले आहे, त्याचा उलगडा मात्र विसाव्या शतकात झाला. प्राण्यांच्या शरीराचे व्यवहार मज्जातंतू आणि संप्रेरके मिळून कसे चालवतात, हे समजून घेण्यासाठी पान्ह्याइतके सुबोध उदाहरण क्वचितच सापडेल. प्रस्तुत लेखात आपण त्याचाच विचार करणार आहोत.

निरोपाचे दोन मार्ग

कोट्यवधी पेशींनी बनलेल्या शरीरात एका भागाला दुसऱ्या भागाची खबर असावी लागते. यासाठी निसर्गाने दोन व्यवस्था निर्माण केल्या आहेत. पहिली मज्जासंस्थेची. यात निरोप विद्युत्-संवेदनेच्या रूपाने ठरावीक तंतूमधून ठरावीक ठिकाणी जातो. त्याचा वेग काही तंतूंमध्ये सेकंदाला शंभर मीटरच्या घरात असतो. विस्तवावर बोट पडताच हात मागे येतो, तो या व्यवस्थेमुळे. निरोप जसा झटकन पोहोचतो, तसाच त्याचा परिणामही बहुधा झटकन ओसरतो.

दुसरी व्यवस्था संप्रेरकांची, म्हणजेच हार्मोन्सची. अंतःस्रावी ग्रंथी आपला स्राव थेट रक्तात सोडतात. रक्त तो सर्व शरीरभर नेते. परंतु ज्या पेशींवर त्या संप्रेरकाला ओळखणारे ग्राही रेणू असतात, त्याच पेशी प्रतिसाद देतात. मज्जातंतूचा निरोप हा विशिष्ट पत्त्यावर पाठवलेल्या तारेसारखा, तर संप्रेरकाचा निरोप गावात पिटलेल्या दवंडीसारखा असतो. दवंडी सर्वांच्या कानी पडते, पण ज्याच्याशी तिचा संबंध असेल तोच उठून कामाला लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या व्यवस्थेचाच बोलबाला होता. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनी पचनसंस्थेवर केलेल्या कार्यामुळे पाचक रसांचे नियंत्रण मज्जातंतूच करतात, असे मत दृढ झाले होते. जानेवारी १९०२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी या मताची परीक्षा घेतली. बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक भाग त्यांनी सर्व मज्जातंतूंपासून तोडून वेगळा केला. रक्तवाहिन्या तेवढ्या शाबूत ठेवल्या. त्या भागात सौम्य आम्ल सोडताच स्वादुपिंडातून पाचक रस वाहू लागला. मज्जातंतू उरलेच नव्हते, तेव्हा निरोप रक्तातूनच गेला असला पाहिजे. त्या रासायनिक निरोप्याला त्यांनी 'सिक्रेटिन' हे नाव दिले. १९०५ साली स्टार्लिंग यांनी अशा सर्व पदार्थांसाठी 'हार्मोन' हा शब्द वापरला. चेतवणे, प्रवृत्त करणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून तो घेतलेला आहे. 'संप्रेरक' हा आपला मराठी शब्दही नेमका तोच भाव व्यक्त करतो.

यावरून दोन्ही व्यवस्था एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, असा समज होण्याचा संभव होता. पान्ह्याच्या अभ्यासाने तो दूर केला.

कासेची रचना

कास म्हणजे दुधाने भरलेली एक मोठी पिशवी, अशी सर्वसाधारण कल्पना असते. वस्तुस्थिती निराळी आहे. कासेत डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य सूक्ष्म पोकळ पिशव्या असतात. त्यांच्या आतील पेशी रक्तातून घटक घेऊन दूध तयार करतात. एक लिटर दूध तयार होण्यासाठी सुमारे चारशे ते पाचशे लिटर रक्त कासेतून फिरावे लागते. या सूक्ष्म पिशव्यांतून बारीक नळ्या निघतात, त्या मोठ्या नळ्यांना मिळतात आणि अखेरीस सडाच्या वर असलेल्या पोकळीत उघडतात.

दोन धारांच्या मधल्या काळात तयार झालेल्या दुधापैकी गायीच्या बाबतीत अदमासे पाचवा हिस्साच या खालच्या पोकळीत उतरलेला असतो. उरलेले दूध वरच्या सूक्ष्म पिशव्यांत आणि बारीक नळ्यांत अडकून राहते. म्हशीच्या बाबतीत तर खाली उतरलेला भाग याहून पुष्कळच कमी असतो. म्हणूनच पान्हवल्याशिवाय म्हैस जवळजवळ काहीच दूध देत नाही आणि तिला पान्हवायला गायीपेक्षा अधिक वेळ लागतो, हा गवळ्यांचा नित्याचा अनुभव आहे.

वर अडकलेले दूध कितीही जोराने सड ओढले तरी खाली येत नाही. ते आतून ढकलले जावे लागते. त्यासाठी प्रत्येक सूक्ष्म पिशवीभोवती स्नायूंप्रमाणे आकुंचन पावणाऱ्या पेशींचे जाळे विणलेले असते. हे जाळे आवळले की पिशवी पिळली जाते आणि दूध नळ्यांत उतरते. हाच पान्हा होय. आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या जाळ्यापर्यंत मज्जातंतू पोहोचतच नाहीत. मग वासराने सड चोखल्याची वार्ता त्याला कळते कशी?

अर्धा प्रवास तंतूतून, अर्धा रक्तातून

सडाच्या त्वचेत स्पर्श आणि उष्णता जाणणाऱ्या मज्जातंतूंची टोके विपुल असतात. वासराच्या जिभेचा स्पर्श होताच तेथून संवेदना निघते, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून वर चढते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात पोहोचते. येथपर्यंतचा प्रवास सर्वस्वी मज्जातंतूंचा असून त्याला सेकंदाचा अल्पसा अंश पुरतो.

हायपोथॅलॅमसमधील काही मज्जापेशी मोठ्या विलक्षण आहेत. त्या इतर मज्जापेशींप्रमाणे विद्युत्-संवेदना वाहून नेतात, परंतु त्यांचे लांब तंतू दुसऱ्या मज्जापेशीपाशी किंवा स्नायूपाशी संपत नाहीत. ते खाली पिट्युटरी म्हणजेच पीयूषिका ग्रंथीच्या मागील भागात उतरतात आणि तेथे केशवाहिन्यांना भिडून थांबतात. संवेदना टोकाशी पोहोचली की तेथे साठवलेले 'ऑक्सिटोसिन' हे संप्रेरक रक्तात सोडले जाते. म्हणजे ही पेशी एका अंगाने मज्जापेशी आहे आणि दुसऱ्या अंगाने अंतःस्रावी ग्रंथी आहे. मज्जापेशी असा स्राव निर्माण करू शकते, ही कल्पना अर्न्स्ट शारर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२८ साली एका लहान माशाच्या मेंदूच्या अभ्यासावरून मांडली, तेव्हा अनेकांना ती स्वीकारणे जड गेले. १९४९ मध्ये वोल्फगांग बार्गमन यांनी विशेष रंजकद्रव्य वापरून हा स्राव हायपोथॅलॅमसपासून पीयूषिकेपर्यंत तंतूंतून उतरतो हे दाखवले आणि शंकेला फारशी जागा उरली नाही.

रक्तात आलेले ऑक्सिटोसिन हृदयामार्गे साऱ्या शरीरात फिरते. कासेतील सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या जाळ्यावर त्याचे ग्राही असतात. तेथे ते पोहोचले की जाळे आवळते व पान्हा उतरतो. वासराने चोखायला सुरुवात केल्यापासून कास तटतटेपर्यंत जो अर्ध्या-एक मिनिटाचा अवधी जातो, तो प्रामुख्याने या रक्तमार्गाच्या प्रवासाचा आहे. हे संप्रेरक रक्तात फार काळ टिकत नाही. काही मिनिटांतच त्याचा प्रभाव ओसरतो. म्हणून पान्हा सोडल्यावर गवळ्याने पाच-सात मिनिटांत धार आटोपावी, मध्येच उठू नये, असे जाणते लोक सांगत आले. त्यांच्या सांगण्यामागे संप्रेरकाचे हे अल्पायुष्य आहे.

डुकरिणीच्या बाबतीत ही मुदत अधिकच तुटपुंजी असते. तिची पिल्ले आधी मिनिटभर नाकाने आचळांना मालिश करतात. मग आई भराभर घुरघुरू लागते आणि दूध केवळ वीसेक सेकंद वाहते. त्या वेळी जे पिल्लू आपल्या आचळापाशी नसेल, त्याला पुढच्या पाळीपर्यंत उपाशी राहावे लागते.

मांजर, कागदी पिशव्या आणि गाय

निरोपाचा दुसरा टप्पा खरोखरच रक्तातून होतो, हे सिद्ध कसे झाले? अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात एली आणि पीटरसन या संशोधकांनी १९४१ साली केलेले प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहेत. त्यांनी गायीच्या कासेच्या एका अर्ध्या भागाचे मज्जातंतू तोडले. तरीही गायीला पान्हवताच दोन्ही बाजूंना सारखाच पान्हा उतरला. आज्ञा मज्जातंतूतून आली असती, तर तंतू तोडलेली बाजू कोरडी राहायला हवी होती. पुढे १९४२ मध्ये पीटरसन आणि लुडविक यांनी पान्हवलेल्या गायीचे रक्त घेऊन ते शरीराबाहेर काढलेल्या कासेतून फिरवले, तेव्हा त्या निर्जीव भासणाऱ्या कासेतूनही दूध उतरले. पान्हवण्यापूर्वी घेतलेल्या रक्ताने मात्र तसे घडले नाही.

एली आणि पीटरसन यांनी आणखी एक गोष्ट तपासली. पान्हवताना त्यांनी गायीच्या पाठीवर मांजर सोडले आणि तिच्याजवळ कागदी पिशव्या फुगवून फोडल्या. गाय बिथरली आणि पान्हा थांबला. तोही दोन्ही बाजूंना. ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक टोचल्यावरही हाच परिणाम दिसला. भीती वाटताच मज्जातंतू मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींना आज्ञा देतात आणि त्यांतून ॲड्रेनॅलिन रक्तात उतरते. ते कासेतील रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे ऑक्सिटोसिन पुरेसे पोहोचत नाही. शिवाय भेदरलेल्या स्थितीत मेंदूकडूनच ऑक्सिटोसिन सोडण्याला आवर बसतो. पळून जीव वाचवण्याच्या क्षणी शरीराने दूध पाजण्याचे काम बाजूला ठेवावे, हे निसर्गनियमाला धरूनच आहे.

तेव्हा पान्हा "चोरणारी" गाय लबाड नसते. दूध रोखून धरण्याचा निर्णय ती घेत नाही. घाबरलेल्या शरीरात पान्ह्याची आज्ञाच निघत नाही किंवा निघाली तरी पोहोचत नाही. अशा वेळी तिला मारणे म्हणजे ज्या कारणाने दूध अडले तेच कारण वाढवणे होय. याउलट, नेहमीचा माणूस, ठरलेली वेळ, पुढ्यात ठेवलेले आंबोण, चरवीचा ओळखीचा आवाज, कोमट पाण्याने कास धुणे, या सर्वांमुळे सडाला वासराचे तोंड लागण्याआधीच पुष्कळ गायींना पान्हा फुटू लागतो. डोळे आणि कान यांच्याद्वारे आलेली सवयीची खूणही हायपोथॅलॅमसपर्यंत पोहोचते.

मातेच्या बाबतीत

मानवी मातेच्या शरीरातही हीच व्यवस्था आहे. बाळाचे रडणे ऐकून किंवा त्याची नुसती आठवण होऊन आईचे दूध झरू लागते. यात कवीची अतिशयोक्ती नाही. बाळाने स्तन तोंडात घेण्यापूर्वीच आईच्या रक्तातील ऑक्सिटोसिन वाढते, हे मोजमापांनी दिसून आले आहे.

१९४८ साली अमेरिकेतील नाइल्स न्यूटन आणि मायकेल न्यूटन या दांपत्याने यासंबंधी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका स्तनदा मातेच्या बाळाचे वजन पाजण्यापूर्वी आणि नंतर करून त्याने किती दूध घेतले ते पाहण्यात आले. शांतपणे पाजल्यावर बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळाले. पाजताना आईचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवणे, पायाचे अंगठे ओढणे, तिला एकामागून एक गणिते विचारणे असा त्रास दिला, तेव्हा हे प्रमाण ९९ ग्रॅमवर आले. तसाच त्रास देताना सोबत ऑक्सिटोसिन टोचले, तेव्हा ते पुन्हा १५३ ग्रॅमपर्यंत चढले. दूध कमी झालेले नव्हते. ते उतरत नव्हते, एवढेच.

आपल्या घराघरांतून या गोष्टीचे मोल फार आहे. बाळंतिणीला पहिल्या काही दिवसांत "तुला दूधच नाही", "बाळाचे पोट भरत नाही" असे बोलून दाखवणारी माणसे बहुधा हितचिंतकच असतात. परंतु त्या बोलण्याने तिच्या मनाला लागलेली चिंताच पान्हा अडवते; बाळ रडू लागते; वरचे दूध सुरू होते; बाळ अंगावर कमी पिते, आणि मग खरोखरच दूध कमी होते.

या शेवटच्या पायरीचे कारण आणखी एका संप्रेरकात आहे. ऑक्सिटोसिन दूध उतरवते, पण दूध तयार करण्याची आज्ञा पीयूषिकेच्या पुढील भागातून येणारे 'प्रोलॅक्टिन' देते. एरवी हायपोथॅलॅमस डोपामीन हे द्रव्य पाठवून प्रोलॅक्टिनला आवर घालत असतो. बाळ चोखू लागले की हा आवर सैल पडतो आणि प्रोलॅक्टिन वाढते. ऑक्सिटोसिनप्रमाणे ते नुसत्या रडण्याच्या आवाजाने वाढत नाही. त्याला प्रत्यक्ष चोखणेच लागते. शिवाय स्तनात दूध साचून राहिले तर पुढील दुधाची निर्मिती मंदावते. म्हणून बाळ जितक्या वेळा पिईल तितके दूध तयार होते. रात्री प्रोलॅक्टिनचे प्रमाण अधिक असल्याने रात्रीचे पाजणेही महत्त्वाचे ठरते. जन्मानंतर पहिल्या तासाभरात बाळाला अंगावर पाजावे आणि सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे, या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीमागे जी अनेक कारणे आहेत, त्यांतील एक हे होय. बाळाचे वजन वाढत नसेल किंवा लघवी फार कमी होत असेल, तर मात्र विलंब न करता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

इंजेक्शनाचा मोह

ऑक्सिटोसिनची रासायनिक रचना अमेरिकन शास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९५३ साली उलगडली आणि प्रयोगशाळेत ते तयार करून दाखवले. नऊ अमिनो आम्लांची ती लहानशी साखळी आहे. या कार्याबद्दल त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून हे संप्रेरक स्वस्तात उपलब्ध झाले, आणि त्याचबरोबर त्याच्या गैरवापराचीही वाट मोकळी झाली.

वासराला दूध सोडावे लागू नये, किंवा वासरू दगावल्यावरही गाय-म्हैस पान्हवावी, या हेतूने अनेक ठिकाणी दररोज इंजेक्शन दिले जाते. पूर्वी मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गायीपुढे उभे करीत; तो मार्ग निदान तिच्या अंगभूत व्यवस्थेला साद घालणारा होता. त्याहून जुनी 'फुका' नावाची पद्धत अत्यंत क्रूर होती. तीत जनावराच्या जननमार्गात हवा फुंकून तो ताणला जाई. त्या ताणाची संवेदना मज्जातंतूंद्वारे हायपोथॅलॅमसला पोहोचून ऑक्सिटोसिन सुटे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमाने फुका हा गुन्हा ठरवला असून, जनावराच्या आरोग्याला अपायकारक ठरेल अशा रीतीने दूध वाढवण्यासाठी इंजेक्शन देणेही त्याच कलमात येते.

अशा दुधातून ऑक्सिटोसिन माणसाच्या शरीरात जाऊन अनर्थ करते, ही भीती सर्वत्र ऐकू येते. परंतु ते प्रथिनाच्या जातीचे असल्याने आपल्या पचनसंस्थेत त्याचे तुकडे होतात. खरी हानी होते ती जनावराची. ऑक्सिटोसिनचे ग्राही गर्भाशयातही असल्याने टोचलेल्या मात्रेने त्याचे आकुंचन होते. शिवाय रोज बाहेरून मोठी मात्रा मिळू लागली की कास शरीराच्या स्वतःच्या ऑक्सिटोसिनला नीट प्रतिसाद देईनाशी होते. मग इंजेक्शनाविना ते जनावर दूध सोडत नाही, आणि मालक म्हणतो, "हिला सवयच लागली."

मात्र हेच औषध माणसांसाठी जीवनदायी आहे. प्रसूतीच्या वेळी बाळाचे डोके गर्भाशयाच्या मुखावर दाब देते, त्या संवेदनेने ऑक्सिटोसिन सुटते, त्यामुळे कळा वाढतात आणि दाब आणखी वाढतो. बाळ जन्मेपर्यंत हे चक्र चालू राहते. प्रसूतीनंतर गर्भाशय घट्ट आवळले गेले नाही तर रक्तस्राव थांबत नाही. तो टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना ऑक्सिटोसिनच्याच इंजेक्शनाची शिफारस करते. यामुळेच २०१८ साली केंद्र सरकारने गैरवापर रोखण्यासाठी ऑक्सिटोसिनची आयात आणि देशातील वापरासाठी खासगी कंपन्यांचे उत्पादन बंद करण्याचे आदेश काढले, तेव्हा प्रसूतिगृहांत टंचाई होईल अशी चिंता डॉक्टरांनी व्यक्त केली. खासगी उत्पादनावरील बंदी दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये रद्द ठरवली. गोठ्यातील गैरवापर थांबवताना बाळंतिणीचे औषध हिरावले जाऊ नये, हा प्रश्न त्या वादाच्या मुळाशी होता.

समारोप

वासराच्या जिभेचा स्पर्श, मज्जातंतूचा निरोप, मेंदूतील पेशींचा स्राव, रक्ताचा प्रवाह आणि कासेतील सूक्ष्म जाळे यांची साखळी मिनिटाभरात पूर्ण होते. तिच्यात जलद तंतूचे काम वेगळे आणि सर्वत्र पोहोचणाऱ्या रक्ताचे काम वेगळे. पण एकाविना दुसरे व्यर्थ आहे. भीती ही साखळी तोडते आणि परिचित सहवास ती सांधतो.

मुक्या जनावराची धार काढताना हात हळुवार असावा आणि बाळंतिणीच्या खोलीत बोलणे धीराचे असावे, हे आपल्या आजी-पणजींना ठाऊक होते. संप्रेरकांची नावे त्यांना माहीत नव्हती. ती आपल्याला माहीत झाली आहेत. तेव्हा त्यांचे जुने शहाणपण अधिक समजून-उमजून पाळणे आपल्याला अवघड वाटू नये.